परक्या गांवचा भात

परदेशीं शिकावयास गेलेला विद्यार्थी घरच्या जेवणाची आठवण काढूं लागला कीं आपण त्यास हंसतों. ज्ञानासाठीं समुद्र ओलांडला, पण मन स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडीना, असा टोमणा आम्हींहि कित्येकांना मारला आहे. जिव्हालौल्यास देशप्रीतीचें नांव देऊं नये, हें आमचें जुनें मत. एका व्हिएतनामी विद्यार्थ्याकडे जेवण्याचा योग आला, तेव्हांपासून तें मत पहिल्याइतकें पक्कें राहिलेलें नाहीं.

हा तरुण हनोईचा. आमच्या गांवीं उच्च शिक्षणासाठीं आलेला. त्याच्या वसतिगृहांत ‘नुओक माम’ची बाटली ठेवण्यास मनाई झाली. बारीक मासे व मीठ लांकडी पिंपांत घालून वर्षभर मुरवावयाचें आणि तळाशीं पाझरणारा तांबूस रस काढून घ्यावयाचा, अशी ही वस्तु. वास उग्र खरा. परंतु हिंगावांचून ज्यांची आमटी होत नाहीं त्यांनीं नाकाला रुमाल लावावा, हें थोडें हास्यास्पदच. दोन वर्षांनीं त्यानें निराळी खोली घेतली व आम्हांस जेवावयास बोलाविलें.

जमिनीवर चटई, तीवर परात. तींत भात, पाल्याचें पातळ सार, जाळलेल्या साखरेच्या पाकांत शिजविलेला मासा, आणि मधोमध एकच वाटी: तोच रस, त्यांत लिंबू, लसूण, मिरची. साखर किती जाळावी हें त्यानें आईस दूरध्वनीवरून विचारलें होतें. तिनें प्रमाण सांगितलेंच नाहीं, ‘रंग पाहा’ म्हणाली. आपापला घास सर्वांनीं त्या एकाच वाटींत बुडवावयाचा! उष्ट्याखरकट्याच्या कल्पनांत वाढलेलें आमचें मन क्षणभर अडखळलें. पण थांबला होता तोहि. आमच्याकडे पाहून त्यानें स्वभाषेंत एक लहानसें वाक्य उच्चारलें. उत्तरेकडील घरांत धाकट्यानें प्रत्येक वडील माणसास ‘जेवावें’ अशी विनंति केल्याविना घास घ्यावयाचा नाहीं, अशी रीत आहे. ‘घरीं हें वाक्य मी पुटपुटून उरकीत असें,’ तो म्हणाला, ‘येथें दोन वर्षें तें म्हणावयास समोर कोणी नव्हतें.’

येथें त्या भाषेचा एक विशेष सांगितला पाहिजे. तटस्थ ‘मी’ तींत आहे, पण घरांत तो रूक्ष वाटतो. आईबापांपुढें बोलणारा स्वतःस ‘कॉन’, म्हणजे लेंकरूं म्हणवितो. आजोबांपुढें ‘चाउ’, म्हणजे नातवंड. गुरूपुढें ‘एम’, म्हणजे धाकटें भावंड. परभाषेंत दिवसभर ‘मी, मी’ म्हणणाऱ्या या मुलाला जी भूक लागली होती, ती आम्हीं उगाच जिभेच्या खातीं मांडली होती.

ओळख पदार्थाच्या शुद्धतेंत शोधूं जावें, तर हातीं काय लागतें? जें ‘फो’ जग त्या राष्ट्राचें चिन्ह मानतें, तें गोमांसाच्या हाडांचें सार व तांदुळाच्या शेवया, विसाव्या शतकाच्या आरंभीं, फ्रेंच अंमलांत, उत्तरेकडे रूढ झालें. दक्षिणेंत त्यांत मोड आलेले मूग व तुळशीच्या जातीचा पाला पडूं लागला. पाव तर फ्रेंचांचाच. नववर्षाला चिकट तांदूळ, मूग व डुकराचें मांस पानांत बांधून दहाबारा तास उकडतात. परदेशीं तें विशिष्ट पान न मिळाल्यास केळीचें चालतें.

आणि दूर जाण्यास परदेशच लागतो असें नाहीं. हनोईचा लेखक वू बांग १९५४ च्या फाळणीनंतर सायगांवांत राहिला, पत्नी उत्तरेंतच. उत्तरेकडील बारा महिन्यांचे ऋतु व त्यांचे पदार्थ आठवीत त्यानें लिहिलेलें पुस्तक १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. ती १९६७ मध्येंच वारली होती. सायगांवांत भाताची वा माशांची कांहीं वाण नव्हती.

तथापि एक शंका आमच्या मनांतून जात नाहीं. वियोगानें गोड झालेलें तें वाक्य घरीं परतल्यावर पुन्हां पुटपुटलेंच जाणार असेल, तर हें प्रेम कोणत्या किमतीचें? आम्हीं त्यास तसें विचारलेंहि. तो हंसला, आणि म्हणाला, सार निवत आहे. वडिलांनीं आधीं काड्या उचलावयाच्या असतात. आम्हीं उचलल्या.