चाच्याची कैफियत

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८६ साली आरंभिलेल्या आणि अद्याप चालू असलेल्या ‘मेट्रॉइड’ या खेळमालिकेत रिडली नावाचा एक अंतराळचाचा आहे. पंखधारी, सर्पदेही, बुद्धिमान आणि निर्दय असा हा चाच्यांचा सेनानी, नायिका सॅमस अॅरन ही लहान मूल असतानाच तिच्या मातापित्यांचा वध करतो आणि पुढे वारंवार मरून वारंवार परत येतो. त्याचा अपराध सौम्य करण्याचा माझा हेतू नाही; परंतु भिवंडीत वाढलेल्या माणसाला ‘चाचा’ हा शब्द चौकशीवाचून स्वीकारता येत नाही.

आज यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट आणि नजर पोहोचेल तिथवर पसरलेली गोदामे एवढीच ज्या गावाची ओळख उरली आहे, त्या गावाच्या खाडीत एके काळी लढाऊ गलबते बांधली जात, हे सांगूनही अनेकांना खरे वाटत नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आला, आणि १६५९ च्या ऑगस्टात पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात नोंद झाली, की शहाजीच्या या पुत्राने भिवंडी, कल्याण व पनवेल येथे काही लढाऊ जहाजे बांधविली आहेत. ज्या समुद्रावर पोर्तुगीजांचे कार्ताझ, म्हणजे त्यांचा परवाना, जवळ नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे, तेथे स्वतःचे गलबत पाण्यात लोटणे म्हणजे केवळ लाकूड तरंगविणे नव्हे, तर परवाना देण्याच्या अधिकारालाच हरकत घेणे होते.

कान्होजी आंग्रे यांच्या बाबतीत ही हरकत पूर्णत्वास गेली. छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने शाहूमहाराजांच्या पक्षास मिळालेले, दस्तक देऊन जकात घेणारे आणि दस्तकावाचून जाणारे जहाज धरणारे हे पुरुष, पोर्तुगीज दोन शतके कार्ताझच्या नावाने जे करीत आले तेच करीत होते. तरी १७३७ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेमेंट डाउनिंगच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांच्या नावाला ‘चाचा’ हे विशेषण जडले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून त्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली आणि ती फसली. पुढे १७२४ साली मुंबईचे गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी आंग्र्यांच्या वर्तनावर दोष ठेवला, तेव्हा दुसऱ्याचे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ती, अशा आशयाचे उत्तर कान्होजींनी पाठविले. या उत्तरात मला मोठे धैर्य दिसते, कारण ते आरोप नाकारून थांबत नाही, तर आरोप करणाऱ्यालाच त्याच कायद्याखाली उभे करते. आंग्र्यांच्या पाठीशी सनद होती, जाब विचारणारा धनी होता, आणि घेतलेल्या जकातीच्या बदल्यात दस्तकाचे अभय होते. ज्याला जाब विचारता येत नाही, जो घेतो आणि कशालाच बांधला जात नाही, तो चाचा, अशी माझी व्याख्या आहे.

या व्याख्येने रिडलीच्या टोळीकडे पाहावे. २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’ या खेळाची थोरवी मला यात वाटते, की तेथे नायिकेला चाच्यांचे दफ्तरच वाचावयास मिळते: प्रयोगांच्या नोंदी, अपयशांच्या कबुल्या, तिच्या शस्त्रांची नक्कल करण्याचे खटाटोप. आणि हे दफ्तर त्यांना दोषमुक्त करीत नाही. जिवंत प्राणी तेथे केवळ साधनसामग्री म्हणून मोजले जातात. शिक्षा त्यांच्याच कागदांवरून ठरते, शत्रूच्या सांगण्यावरून नव्हे. न्यायाची ही रीत मला मान्य आहे.

परंतु त्याच वर्षीच्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’मध्ये, ज्या आकाशगंगीय संघराज्याच्या बाजूने नायिका लढत आली, तेच संघराज्य संशोधनकेंद्राच्या बंद दालनात मेट्रॉइड हे घातक जीव गुप्तपणे वाढवीत असल्याचे तिला आढळते. मूळ कथेत हेच जीव पळवून वाढविले म्हणून चाच्यांवर मोहीम निघाली होती. संघराज्याला मात्र चाचा म्हटले जात नाही. परवाने देणारे दफ्तर त्याचेच आहे. नायिका येथे हुकूम मोडते, आणि मालिकेतील तिचे सर्वांत मोठे कृत्य मी हेच मानतो.

मराठीत अंतराळचाच्याची कथा लिहिणारा कोणी निघाला, तर त्याने ती भिवंडीच्या खाडीवरून सुरू करावी असे मला फार वाटते: शिवाजीमहाराजांच्या चाकरीत गलबते बांधणारा रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर वसईच्या पोर्तुगीजांच्या चिथावणीने आपल्या माणसांसह निघून गेला आहे, आणि कोणाच्याही परवान्यात अजून नाव नसलेली गलबते किनाऱ्यावर अपुरी उभी आहेत.