पुष्पकात कोण कोण बसलं?



आजचं वाचन युद्धकांडाच्या शेवटाकडचं. रावण पडलाय, बिभीषणाला राज्य मिळालंय, सीतामाई परत आलीये. बिभीषण म्हणतो, आता थोडे दिवस राहा, स्नान करा, पाहुणचार घ्या. प्रभू राम नको म्हणतात. तिकडे भरत वाट बघतोय, वाट लांबची आहे आणि मध्ये समुद्र. मग बिभीषण पुष्पक विमान समोर आणतो. एका दिवसात अयोध्या!

हे वाचताना मला हसू आलं, कारण माझं पोट याच धंद्यावर चालतं. मी न्यू जर्सीत, खासगी जेट चार्टर करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. इथे मॅनहॅटनच्या अगदी जवळ टेटरबरो नावाचा विमानतळ आहे. तिकीट काढून बसायची विमानं तिथे येतच नाहीत, सगळा मामला खासगी. फोन येतो, "उद्या सकाळी लंडन." की आम्ही विमान शोधायचं, पायलटांचे तास मोजायचे, परवानग्या बघायच्या. छोट्या जेटला अटलांटिक एका दमात झेपत नाही, त्याला न्यूफाउंडलंडमध्ये गँडरला उतरून इंधन भरावं लागतं. गल्फस्ट्रीम जी-६५० सारखं मोठं असेल तर साडेसहा-सात तासांत थेट लंडनजवळच्या फार्नबरोला. तेवढ्यात ९-१० टन इंधन जळतं. एक किलो इंधन जळलं की तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका फेरीचे ३० टनांच्या आसपास. तेरा-चौदा माणसं आरामात बसतील अशा विमानात बऱ्याचदा दोघं असतात. कधी एकच.

आणि आम्ही "कशासाठी जाताय?" हे कधीच विचारत नाही. तो आमच्या धंद्याचा शिष्टाचार आहे. आज मला वाटलं, पुष्पकाच्या बाबतीत वाल्मीकींनी नेमकं हेच सगळं सांगून ठेवलंय. विमान कोणाचं, कोण बसलं, कशासाठी, आणि नंतर त्याचं काय झालं.

विमान मुळात कुबेराचं. रावणानं ते भावाकडून बळजबरीनं घेतलेलं. आणि एक गोष्ट मी विसरलेच होते, ती यावेळी वाचताना थांबवून गेली. सीतामाई या विमानात आधी एकदा बसलीये. इंद्रजिताच्या बाणांनी राम-लक्ष्मण निश्चेष्ट पडले होते, तेव्हा रावणानं तिला त्रिजटेबरोबर याच पुष्पकात बसवून रणांगणावरून फिरवलं होतं. का, तर तिनं वरून बघावं आणि मोडून पडावं. तेच विमान, तेच आकाश, खाली तीच जमीन. परतीच्या प्रवासात राम तिला वरून दाखवत जातात, इथे युद्ध झालं, हा सेतू, ही किष्किंधा. म्हणजे विमान वाईट की चांगलं, हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. (मला हे सोयीचंही आहे म्हणा, नोकरी आहे ना.)

आता मी ज्याबद्दल लिहायचं टाळत होते ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी गेली. नाशिकला, पंचवटीतल्या घरी. बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. त्यांनी विचारलं, "थांबू का गं?" मी मनात हिशोब केला. रात्रीचं विमान, दोहाला थांबा, मुंबई, मग कसारा घाट. म्हटलं, "बाबा, तीस-बत्तीस तास तरी." ते काहीच बोलले नाहीत. मग मीच म्हटलं, "नका थांबू."

मी पोचले तेव्हा घरात फक्त पणती होती. दुसऱ्या दिवशी आम्ही रामकुंडावर अस्थी घेऊन गेलो.

परत कामावर आल्यावर पहिलीच फाईल कुत्र्याची. अटलांटिक ओलांडून लंडनला, एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा. ब्रिटनमध्ये एअरलाइनच्या विमानानं पाळीव प्राणी आणायचा तर तो मालवाहू सामान म्हणून येतो, आणि म्हातारा कुत्रा भीतीनं मरेल असं त्यांना वाटत होतं. मी ती फाईल केली. व्यवस्थित केली. पण आतून इतकी कडू झाले होते की त्या रात्री घरी गेलेच नाही. ऑफिसात बसून मी माझंच कोटेशन काढलं. टेटरबरो ते मुंबई, एक प्रवासी. विमान रिकामं परत आणायचा खर्च धरून आकडा दोन लाख डॉलरच्या वर गेला. अमेरिकेच्या चार्टर नियमात दोन पायलटांना चोवीस तासांत दहा तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही, म्हणजे वाढीव पायलट हवेत. भारतात उतरायची परवानगी हवी, ती काही फोन केला आणि मिळाली अशी नसते. सगळं धरून वेळ वाचला असता थोडाच. आजी गेलेलीच असती.

तरी पैसे असते तर मी ते विमान घेतलं असतं. हे मी इथे खोटं लिहिणार नाही. म्हणून त्या कुत्र्याच्या मालकाला नावं ठेवायचा मला किती अधिकार आहे, मला माहीत नाही. युधिष्ठिरसुद्धा कुत्र्यासाठी अडून बसला होता. हां, पण तो कुत्र्यासाठी रथात बसायचं नाकारत होता. आमचे गृहस्थ कुत्र्यासाठी बसले. फरक आहे. किती, ते तुम्ही ठरवा.

मग प्रभू रामांना पुष्पक का चाललं? ते राजे होते म्हणून? चौदा वर्षं ते पायीच फिरले, पंचवटीतही पायीच आले. विमानाचं कारण भरत होता. चौदा वर्षं संपल्यावर तू दिसला नाहीस तर मी अग्निप्रवेश करीन, असं तो चित्रकूटावर सांगून बसला होता. उशीर झाला असता तर जीव जाणार होता, आणि तो दुसऱ्याचा. माझ्या हिशोबात वाचणारा जीव कोणाचाच नव्हता. वाचणार होतं ते माझं दुःख, माझी "शेवटचं बघितलं" ही समजूत. तिची किंमत शून्य नाही. पण ३० टनांच्या दुप्पट धूर कोणाच्या तरी पावसात, कोणाच्या तरी शेतात जाणार, आणि ते माझ्या आजीला ओळखतही नाहीत.

आणखी एक. सुग्रीव, वानर, बिभीषण सगळे म्हणाले आम्हालाही यायचंय, आणि राम खूश झाले, चला म्हणाले. इतकी घाई असताना किष्किंधेला विमान उतरलं, कारण सीतामाईला तारेला आणि वानरांच्या बायकांनाही बरोबर न्यायचं होतं! घाई भरतासाठी, पण जागा सगळ्यांसाठी. आणि नंदिग्रामाला उतरल्यावर राम विमानाला सांगतात, जा, आता कुबेराकडे परत जा. रिकामं गेलं ते. आमच्याकडे त्याला 'एम्प्टी लेग' म्हणतात. फक्त आमची विमानं पुढचं गिऱ्हाईक घ्यायला रिकामी जातात, ते मालकाकडे गेलं.

पण आज रात्री माझ्या डोक्यात यातलं काहीच नाहीये. मला छळतोय तो हनुमान.

चौदा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी राम भरद्वाजांच्या आश्रमात आहेत. विमान हाताशी आहे, एका दिवसात लंका ते अयोध्या नेणारं. तरी ते हनुमानाला पुढे पाठवतात. जा, भरताला सांग मी येतोय. विमानाच्या आधी निरोप पोचतो, आणि भरत आनंदानं खाली कोसळतो. राम अजून पोचायचेच आहेत.

आजी गेली त्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला होता. मी तेव्हा कोणाचं तरी अटलांटिकचं कोटेशन करत होते. फोन कट करून मेसेज टाकला, "नंतर करते आजी." तिला मेसेज वाचता यायचे नाहीत. ते मला माहीत होतं.

उद्या हनुमान नंदिग्रामात पोचतो तो भाग वाचू.

राम कृष्ण हरी.