दुसऱ्याच्या हातची पत्रं

टोकियोच्या शिबुया भागातल्या एका बोळात चिंचोळं दुकान आहे. महायुद्ध संपून काही वर्षं झालीत, अमेरिकन सैनिक आपापल्या घरी परतलेत आणि त्यांच्या जपानी मैत्रिणी मागे उरल्यात. त्यांना इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून त्या इथे येतात. आठवण येते म्हणून लिहा, पैसे पाठव म्हणून लिहा. नौदलातून परतलेला रेइकिची ते सगळं नीटनेटक्या इंग्रजीत उतरवून देतो. एके दिवशी आडोशापलीकडून एका गिऱ्हाइकाचा आवाज त्याच्या कानावर पडतो आणि तो जागच्या जागी थिजतो. आवाज मिचिकोचा असतो. इतकी वर्षं तो तिलाच शोधत होता. तीही तसलंच पत्र लिहून घ्यायला आलेली असते. उरलेला सगळा चित्रपट हा सज्जन माणूस तिला माफ करायला किती कचरतो, याचा आहे.

'कोइबुमी', म्हणजे 'प्रेमपत्र', १९५३चा. दिग्दर्शिका किनुयो तनाका. तोवर ती एकोणतीस वर्षं पडद्यावर वावरत होती आणि कॅमेऱ्यामागे पहिल्यांदाच उभी राहत होती. मूळ कादंबरी फुमिओ निवाची, पटकथा केइसुके किनोशिताची, म्हणजे दोन्ही पुरुष. तरीही हे दुकान मला तिच्याच आयुष्याचं वाटतं. बाईच्या मनातलं पुरुषाने लिहून द्यायचं आणि वर तिचा न्यायनिवाडाही त्यानेच करायचा, हा धंदा जपानी रंगभूमीवर नि पडद्यावर फार जुना.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इझुमोच्या ओकुनी नावाच्या बाईने क्योतोत काबुकीचा पाया घातला आणि १६२९मध्ये शोगुनशाहीने बायकांनाच रंगमंचावर बंदी केली. पुढे स्त्रीपार्ट करणाऱ्या नटांची, ओन्नागातांची, परंपरा तयार झाली. त्यातला थोर नट योशिझावा आयामे तर सांगे, की ओन्नागाताने घरीदारीही बाईसारखंच वागावं. म्हणजे बाईपण हे शरीरात नसून रीतीत असतं, आणि रीत शिकता येते. बालगंधर्वांच्या साड्यांची नि दागिन्यांची फॅशन घरंदाज बायका उचलत, हे ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. पण या विचाराची दुसरी बाजू अशी, की रीतच सगळं असेल तर खऱ्या बाईची गरज काय?

चित्रपट आला तेव्हा तोही याच वाटेने गेला. निक्कात्सु कंपनीत १९२२पर्यंत नायिका पुरुषच असत. अडचण कॅमेऱ्याने केली. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून जे खपतं ते चेहरा जवळून दिसू लागल्यावर खपेना. शोचिकु कंपनीने १९२०मध्ये काम सुरू करतानाच नट्यांना घेतलं, आणि दोन वर्षांनी निक्कात्सुचे ओन्नागाता चिडून कंपनी सोडून गेले. या ओन्नागातांमध्येच तेइनोसुके किनुगासा नावाचा तरुण होता. पडद्यावरची बाई म्हणून पोट भरत नाही म्हटल्यावर तो दिग्दर्शक झाला. हे नाव लक्षात ठेवा.

किनुयोचा जन्म १९०९चा, शिमोनोसेकी बंदरातला. लहानपणी ती बिवा हे तंतुवाद्य शिकली आणि ओसाकाला आल्यावर मुलींच्या एका संगीत मंडळीत वाजवू-नाचू लागली. १९२४मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती शोचिकुत दाखल झाली. नट्यांची ही पहिलीवहिली पिढी. त्यांच्यापुढे नकलेसाठी नटीच नव्हती, होता तो पुरुषांनी तीनशे वर्षं घोटलेला कित्ता. १९३१मध्ये जपानचा पहिला संपूर्ण बोलपट आला, त्यातली घरातली बायको ती. १९३८च्या 'आइझेन कात्सुरा'तली परिचारिका तर घराघरात पोचली. ओझू, गोशो, शिमिझू अशी नावाजलेली माणसं तिला घेऊन चित्रपट काढत होती, आणि शिमिझूबरोबर तिने काही काळ संसारही केला. या काळातली तिची कामं गोड आहेत. 'गोड' हा शब्द मी जपून वापरतोय.

गोडवा सुटला तो १९४४मध्ये, किनोशिताच्या 'रिकुगुन', म्हणजे 'लष्कर', या चित्रपटात. तो युद्धाच्या प्रचारासाठी काढलेला, आणि त्याचा शेवट आहे मुलगा आघाडीवर निघतो तो. आई घरात एकटी बसून सैनिकांना उद्देशून काढलेलं सम्राटाचं आज्ञापत्र पुटपुटते आहे. बिगूल ऐकू येतो. ती उठते, रस्त्यावर येते, चालता चालता पळू लागते. पुढची काही मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच. लष्करी पावलं, गर्दी, झेंडे आणि त्यातून वाट काढणारी ही लहानखुरी बाई. मुलगा सापडतो, ती त्याच्या बरोबरीने धावते, ढकलली जाते, पडते. शेवटी हात जोडून नुसती बघत राहते. कागदावर आईने मुलाला निरोप दिला, एवढंच. हा निरोप लष्कराला रुचला नाही आणि किनोशिताला नोकरीवर पाणी सोडावं लागलं. मजकूर दुसऱ्याचा, पण वाचणारीने स्वर बदलला की अर्थ फिरतो, हे त्या दिवशी सेन्सॉरला कळलं. किनुयोला ते आधीच कळलं असावं.

मग केंजी मिझोगुची. त्याच्याबरोबर तिने डझनभराहून जास्त चित्रपट केले, आणि बाहेरच्या जगात तिची ओळख आजही याच चित्रपटांमुळे. १९५२च्या 'ओहारु'मध्ये राजवाड्यातल्या तरुणीपासून रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या म्हातारीपर्यंतचं एक अख्खं आयुष्य तिने बेचाळिसाव्या वर्षी उभं केलं. मिझोगुची नटांना काही करून दाखवत नसे. भला लांब शॉट लावायचा आणि पुन्हा पुन्हा करायला लावायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही. त्याच्या या पद्धतीचं कौतुक खूप झालंय. मला मात्र वाटतं, कोरा कागद पुढे ठेवून तो सही स्वतःची करत होता. १९४७मध्ये त्याने तिला मात्सुइ सुमाकोची भूमिका दिली. १९११मध्ये इब्सेनची नोरा करून गाजलेली जपानची पहिली आधुनिक नटी ती. म्हणजे इब्सेनने लिहिलेली बाई सुमाकोने केली, आणि मिझोगुचीने पाहिलेली सुमाको किनुयोने. पत्रात पत्र, त्याच्या पोटात आणखी एक पत्र.

नटी आपल्या मालकीची असते, असं मानणारा आणखी एक पक्ष होता, तो म्हणजे प्रेक्षक. १९४९च्या ऑक्टोबरात ती सदिच्छा दौऱ्यावर अमेरिकेला गेली तेव्हा किमोनोत होती. जानेवारीत परतली तेव्हा अंगावर पाश्चात्त्य पोशाख, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि जमलेल्या लोकांना तिने चक्क 'हॅलो' म्हणत चुंबनं फेकली. देशावर अमेरिकेचं राज्य होतं, अर्धं टोकियो चॉकलेट नि जॅझच्या मागे होतं, पण 'आपल्या' किनुयोने असं करावं? वर्तमानपत्रं तुटून पडली. अमेरिकेत जेमतेम लघवी करून परतलेली, अशा अर्थाचा 'आमेशोन' हा ओंगळ शब्द तिला चिकटला. जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं तेव्हा मनात येऊन गेल्याचं तिने पुढे सांगितलं. 'कोइबुमी'त अमेरिकनांशी नाव जोडलेल्या बायकांना एक माणूस सोवळ्या नैतिकतेने झापतो, तो चित्रपट तिने यानंतर जवळजवळ चार वर्षांनी काढला. योगायोग म्हणायला माझी तयारी नाही.

'कोइबुमी'आधी ती दिग्दर्शक मिकिओ नारुसेच्या सेटवर सहायक म्हणून राबली होती. तिच्या आधी जपानमध्ये एकच बाई कथापटाची दिग्दर्शिका झाली होती, ताझुको साकाने, १९३६मध्ये. ती केस कापून, पुरुषी कपडे घालून सेटवर वावरे. पुढे मांचुरियात तिने माहितीपट केले. युद्धानंतर परतली तेव्हा पदवी नाही म्हणून तिला दिग्दर्शन नाकारलं गेलं, आणि ती पुन्हा शॉटांच्या नोंदी लिहीत बसली. किनुयोजवळ साकानेकडे नसलेली एक गोष्ट होती, तिचा चेहरा. ज्या चेहऱ्यावर इतरांनी मजकूर लिहिला तोच तिने तारण ठेवला.

१९५४च्या कान महोत्सवात 'कोइबुमी' दाखल झाला. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक दुसऱ्याच जपानी चित्रपटाला मिळालं, 'जिगोकुमोन'ला. दिग्दर्शक तेइनोसुके किनुगासा, एकेकाळचा ओन्नागाता. पडद्यावरची बाई झालेला पुरुष आणि त्याच्या पिढीची जागा घेणारी बाई, दोघंही एकाच महोत्सवात, दिग्दर्शक म्हणून! किनुगासाला ही वाट चालताना कुणी अडवल्याचं ऐकिवात नाही. किनुयोच्या दुसऱ्या चित्रपटाला मात्र दिग्दर्शक संघाच्या अध्यक्षानेच विरोध केला. अध्यक्ष होता मिझोगुची. ओझू तिच्या बाजूने उभा राहिला, त्याचीच पटकथा होती. चित्रपट झाला, पण मिझोगुची आणि ती पुन्हा एकत्र आले नाहीत.

ओझूच्या पटकथेवरचा तो चित्रपट लोभस आहे आणि नको तितका ओझूसारखा. तिचं स्वतःचं अक्षर दिसतं ते त्याच वर्षीच्या, १९५५च्या, 'चिबुसा यो एइएन नारे' या तिसऱ्या चित्रपटात. शीर्षकाचा अर्थ स्तनांनो, चिरंतन व्हा, असा. आदल्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेलेली तांका कवयित्री फुमिको नाकाजो ही त्यामागची प्रेरणा, आणि या वेळी पटकथाही बाईची, सुमिए तनाकाची. त्यातला एक प्रसंग असा: शस्त्रक्रियेनंतर फुमिको मैत्रिणीच्या घरी न्हाते आहे. या मैत्रिणीच्या दिवंगत नवऱ्यावर तिचं कधीकाळी प्रेम होतं. मैत्रीण न्हाणीघराची खिडकी उघडते आणि तिची नजर नको तिथे पडते. फुमिको अंग चोरत नाही, उलट बघ म्हणते. प्रेक्षकाला व्रण दिसत नाही, दिसतो तो मैत्रिणीचा चेहरा. पुरुष दिग्दर्शकाने बहुधा या प्रसंगात करुणा भरली असती. इथे आहे ती जवळजवळ खुनशी जवळीक. ही बाई दुखणाईत आहे, हट्टी आहे, वासना असलेली आहे, आणि ती आवडावी म्हणून कुणी धडपडत नाही.

पुढे तिने आणखी तीन चित्रपट केले. शेवटचा १९६२चा, केइको किशी, योशिको कुगा आणि इनेको आरिमा या तीन नट्यांनी काढलेल्या 'निन्जिन कुराबु' या संस्थेसाठी. नंतर दिग्दर्शन थांबलं, अभिनय चालूच राहिला. मधल्या काळात, १९५८मध्ये, किनोशिताच्या 'नारायामा'त तिने एकोणसत्तर वर्षांच्या ओरिनचं काम केलं. म्हातारपणी दात शाबूत असणं लाजिरवाणं, म्हणून ही ओरिन दगडावर आपटून स्वतःचे दात पाडते. या कामासाठी अठ्ठेचाळिशीतल्या किनुयोने पुढचे दात खरोखर काढून घेतल्याचं सांगतात. रीतीत असतं ते बाईपण, म्हणणाऱ्या आयामेला यावर काय म्हणता आलं असतं कोण जाणे.

१९७४च्या 'सांदाकान ८'साठी बर्लिनमध्ये तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. मार्च १९७७मध्ये ती गेली. 'सांदाकान ८'मध्ये ती झालेली ओसाकी लहानपणी बोर्निओतल्या वेश्यागृहात विकली गेलेली, आता आमाकुसा बेटावर मोडक्या झोपडीत मांजरांबरोबर राहते. तिला लिहितावाचता येत नाही. एक तरुण संशोधक येते, आपण कोण ते न सांगता राहते, तिच्या आठवणी ऐकते आणि मनात टिपते. एक सांगते, दुसरी लिहिते. निघताना संशोधक खरं सांगून माफी मागते आणि पैसे देऊ करते. म्हातारी पैसे घेत नाही. त्याऐवजी रोजच्या वापरातला टॉवेल मागते, तो वापरताना तुझी आठवण येईल म्हणते. टॉवेल हातात पडताच ती त्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागते.