आधी सवय, मग क्रियापद

मुलाखतीत छंद विचारला की आपल्याकडचे अनेक उमेदवार सांगतात, 'आय यूज्ड टू रीड.' त्यांना म्हणायचे असते, मी नेहमी वाचतो. ऐकणाऱ्याला मात्र कळते की हा पूर्वी वाचत असे, आता वाचत नाही. चालू असलेली सवय बोलणाऱ्यानेच संपवून टाकलेली असते.

खरे तर हा काळ मराठीला परका नाही. आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ आहे. 'आजोबा रोज पोथी वाचत असत' या वाक्यातली सरलेली सवय आपल्याला लगेच जाणवते. 'यूज्ड टू' नेमके तेच सांगते. आजही टिकून असलेल्या सवयीला 'आय रीड' हा साधा वर्तमानकाळ पुरतो आणि सध्या हाती असलेल्या पुस्तकाला 'आय ॲम रीडिंग'.

अडचण येते ती 'दहा वर्षांपासून वाचतो आहे' म्हणताना. मराठीचे इथे वर्तमानकाळावर भागते, म्हणून 'आय ॲम रीडिंग सिन्स टेन इयर्स' असे तोंडातून निघते. इंग्रजीला मागची दहा वर्षेही क्रियापदातच हवी असतात: 'आय हॅव बीन रीडिंग फॉर टेन इयर्स.' मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवात कधी झाली ते सांगायचे तर 'सिन्स'.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. साल आले, म्हणून साधा भूतकाळ. मी ते वाचले आहे, केव्हा ते सांगायचे नाही, तर 'आय हॅव रेड इट.' सातवीत वाचले म्हटले की 'हॅव' गळते. आई श्यामला काय शिकवते हे सांगताना मात्र वर्तमानकाळ, कारण पुस्तक कधीही उघडा, ती शिकवतच असते.

म्हणून काळांचे तक्ते पाठ करून घेण्याआधी मुलांना विचारावे: सवय चालू आहे की सुटली? पुस्तक संपले की अजून हातात आहे? केव्हा वाचले ते सांगायचे आहे की फक्त वाचल्याचे? ही उत्तरे मूल आपल्या भाषेत विचार करूनच देऊ शकते. इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर ठेवले, तर हा विचारच खुंटतो आणि उरते ती घोकंपट्टी. आपल्या वाचनाबद्दल खरे काय ते आधी स्वतःला ठाऊक असले, की काळाचा नियम लक्षात राहायला वेगळे कष्ट पडत नाहीत.