दोनच घास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद दिले, आता पुढचं नीट ऐक. समोर बोलले असते तर तू मान खाली घालून "हो बाई, हो बाई" म्हणाला असतास आणि फाटकापर्यंत जाईतो सगळं विसरला असतास. आठवीतही हेच करायचास. म्हणून लिहून पाठवते आहे. दोनदा वाच.

काल संध्याकाळी तू आमच्या ओसरीवर तास-सव्वा तास बसला होतास. मी मुद्दाम मटकीची उसळ केली होती, तुला सोसेल अशी मऊ शिजवून. त्यातले दोन चमचे खाल्लेस आणि "पोट भरलं बाई, आता एवढंच जातं" म्हणून वाटी सरकवलीस. मग चहा आला. चहात बुडवून सात बिस्किटं खाल्लीस. मी मोजली. एकतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातल्या आहेत, कोणाचा हात कुठे जातो हे मला मान न वळवता कळतं. नंतर तो हात भडंगाच्या डब्यात गेला आणि गप्पा संपेपर्यंत तिथेच राहिला. आणि निघताना चपला घालता घालता मला म्हणतोस काय, "वजन परत का वाढतंय कळत नाही बाई, मी तर दोनच घास खातो." उसळीची वाटी तेव्हाही तिथेच होती, कडेनं सुकत चाललेली.

खोटं बोललास. माझ्याशी बोललास त्याचं मला फार वाटत नाही, पण हे खोटं तू रोज स्वतःशी बोलतो आहेस. दोनच घास सकाळी पोह्यांचे, दोनच घास कचेरीत कोणाच्या तरी वाढदिवसाचे, दोनच घास घरी आल्या आल्या चिवड्याचे, आणि आई "एवढं पातेल्यात उरलंय रे" म्हणाली की दोनच घास भाताचे. दिवसभर तुझं तोंड चालू असतं आणि एकही जेवण होत नाही. ११८ किलोंवरून ७९ वर आलेला माणूस आज ८६ वर आहे. हे सात किलो याच दोन घासांचे आहेत.

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेत तुझ्या जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढला आहे. उरली आहे ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. नीट चावलेली उसळ, अंडं, पनीर, मासा त्या नळीत गेला की थांबतो, सावकाश पुढे सरकतो आणि पोट भरल्याचं तुला कळतं. चहात भिजलेल्या बिस्किटाचं मात्र पीठ होतं. कुरमुरा तर तोंडातच विरतो. वरून चहाचा घोट गेला की सगळं पातळ होऊन खाली आतड्यात घसरतं, नळीला पत्ताही लागत नाही. म्हणून "भरलेल्या" पोटात सात बिस्किटं आणि पाव डबा भडंग मावलं. "माझं पोटच लहान आहे, मी जास्त खाणार कसा" असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस. असा खातोस.

शास्त्र मी शिकवलं आहे तुला. बटाट्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला, निळा-काळा डाग पडला, तेव्हा बाकावरून उठून पहिल्यांदा ओरडलेला मुलगा तूच होतास. त्याच तासाला मी सगळ्यांना भाकरीचा तुकडा न गिळता चावत राहायला सांगितलं होतं. थोड्या वेळानं तो गोड लागायला लागला. लाळेतलं विकर पिष्टाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं, हे तू फळ्यावर येऊन सांगितलंस आणि मी शाबासकी दिली. मग आज भडंग तिखट आहे, बिस्किट "साधं" आहे, म्हणून ती साखर नव्हे असं तुला कोणी सांगितलं?

आणखी एक गोष्ट कडू लागेल, पण ऐकून घे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी वजन झरझर उतरलं ते तुझ्या निग्रहामुळे असं तू समजून बसलास. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या ज्या भागात सर्वांत जास्त तयार होतं, तो भागच डॉक्टरांनी काढला होता. तुला भूक लागतच नव्हती. ते महिने सवयी बसवण्यासाठी मिळाले होते. तू त्यांत नवे शर्ट शिवून घेतलेस आणि तपासणीच्या तारखा चुकवल्यास. सहा महिन्यांची चुकवलीस, वर्षाची चुकवलीस. आता भूक थोडी थोडी परत येते आहे आणि तुझ्या हातात एकही सवय नाही.

मध्ये चार महिने तू भात, भाकरी, पोळी सगळं "बंद" केलं होतंस. मोठ्या अभिमानानं सांगायचास. बद्धकोष्ठ झालं, चिडचिड वाढली, मुलावर हात उगारलास, हे तुझ्याच बायकोनं मला सांगितलं. आणि मग गणपतीत काय झालं? उकडीचे पाच मोदक एका बैठकीत. अर्ध्या तासात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, माजघरात आडवा झालास आणि म्हणालास ऊन लागलं. भाद्रपदातल्या पावसात कसलं ऊन? गूळ आणि तांदळाची पिठी त्या नळीतून एकदम आतड्यात उतरली, आतड्यानं रक्तातलं पाणी ओढून घेतलं, म्हणून ती धडधड. दोन तासांनी हात थरथरायला लागले ते वेगळ्या कारणानं. साखर एकाएकी चढली, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटलं आणि साखर खाली कोसळली. त्यावर तू काय केलंस? नुसत्या वरणभाताची मूद घेऊन बसलास.

तांदळाशी तुझं वैर तरी असतं, नाहीतर गळ्यात गळा तरी. माफक खाणं हा शब्द तुला ठाऊकच नाही. भात कोणी तुझ्यावर बंद केलेला नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर तो लिहिला आहे, मी स्वतः वाचला आहे. तो कागद तुमच्या फ्रिजवर विजेच्या बिलाखाली आहे. त्यात भाताला जागा आहे, ती ताटाच्या शेवटी. आधी उसळ, अंडं किंवा पनीर. मग भाजी. त्यानंतर जागा उरली तर अर्धी ज्वारीची भाकरी नाहीतर तीन चमचे भात, दोन्ही नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. दोन अंड्यांत १२, शंभर ग्रॅम पनीरात साधारण १८, पन्नास ग्रॅम मटकी भिजवून केलेल्या उसळीत ११-१२. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात तीनसुद्धा नाहीत, पिष्ट मात्र २८ ग्रॅम. बेरीज तुला येते. एवढ्याशा नळीत आधी भात भरलास तर बाकीचं ठेवणार कुठे? आणि जेवताना पाणी नको, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून पी. वीस-पंचवीस मिनिटं एका जागी बसून जेव. उभ्यानं, डब्यातून, पातेल्यातून, मुलाच्या ताटातलं, काहीही नाही.

संकष्टीच्या साबुदाण्याबद्दल वाद घालू नकोस. साबुदाणा म्हणजे कंदाचं निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. उपास सोडायचा नसेल तर दही घे, ताक घे, राजगिऱ्याची छोटी भाकरी घे. देवाला त्यात काही वावगं वाटणार नाही.

मी एवढी का चिडले आहे ते तुला कळायला हवं. दहावीत तू रोज पहिल्या तासाला उशिरा यायचास आणि तुझ्या हातांना डेटॉलचा वास यायचा. वडिलांच्या पायाचं ड्रेसिंग करून येत होतास. मी एकदाही उशिराचं कारण विचारलं नाही. नंतर त्यांचा तो पाय गेला, मग तेही गेले. आणि मागच्या वर्षी डॉक्टरांनी तुझी मधुमेहाची गोळी बंद केली, त्या रात्री फोनवर तू माझ्याशी बोलताना रडलास. "बाई, मी सुटलो" म्हणालास. मी देवापाशी दिवा लावला होता रे त्या रात्री. ती गोळी परत सुरू झालेली मला बघायची नाही. तुझ्या मुलाच्या हातांना तो वास आलेला मला चालणार नाही.

तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांकडे फोन करून तारीख घे. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, तिन्ही तपासून घे. त्यांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, "बरं वाटतंय" म्हणून सोडायच्या नाहीत. आईशी मी स्वतः बोलेन. त्या माऊलीला वाटतं मुलगा उपाशी आहे, तिच्यावर आवाज चढवू नकोस.

एक शंभर पानी वही घे. रविवारपर्यंत तोंडात जाईल ते सगळं त्यात लिही, वेळ घालून. "दोनच घास" असं लिहिलेलं मला चालणार नाही, चमचे लिही. रविवारी साडेअकराला वही घेऊन ये, बायकोला आणि पोरालाही आण. मटकी मी शनिवारीच भिजत घालते. भातही करीन, पण तुझ्या ताटात तो मी वाढेन, उसळ संपल्यावर.

तुझ्या बाई