संशयाचा फायदा कोणाला?

३० डिसेंबर २०२४. मेलबर्न कसोटीचा पाचवा दिवस. यशस्वी जयस्वाल ८४ धावांवर खेळत होता. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सच्या आखूड चेंडूवर त्याने लेगच्या बाजूला बॅट फिरवली आणि चेंडू यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीच्या हातात विसावला. मैदानावरचे पंच जोएल विल्सन यांनी त्याला नाबाद ठरवलं. कमिन्सने रिव्ह्यू घेतला. पडद्यावर आवाज टिपणाऱ्या स्निकोची रेघ सपाटच राहिली, पण ग्लोव्हजजवळून जाताना चेंडूने किंचित दिशा बदलल्याचं डोळ्यांना दिसत होतं. तिसरे पंच शरफुद्दौला यांनी डोळ्यांचं ऐकलं आणि निर्णय फिरवला. समालोचन करणाऱ्या सुनील गावसकरांना हे अजिबात पटलं नाही. यंत्राचं मानायचं नसेल तर ते ठेवायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. सामना संपल्यावर कर्णधार रोहित शर्माने मात्र मान्य केलं, की यशस्वीचा चेंडूला स्पर्श झाल्यासारखं वाटतं.

हा वाद गावसकरांनीच घालावा, तोही मेलबर्नच्या मैदानावर, याला एक जुना संदर्भ आहे. १० फेब्रुवारी १९८१ रोजी याच मैदानावर ते स्वतः ७० धावांवर असताना डेनिस लिलीचा चेंडू पॅडवर आदळला आणि पंच रेक्स व्हाइटहेड यांनी बोट वर केलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, हे गावसकर बॅट पॅडवर आपटून सांगत राहिले. लिली पुढे आला, त्याने पॅडकडे बोट दाखवलं, शब्दाला शब्द लागला. तंबूकडे निघालेले गावसकर मागे वळले आणि साथीदार चेतन चौहानलाही घेऊन निघाले. संघव्यवस्थापक विंग कमांडर दुराणी सीमारेषेपाशी आडवे आले नसते, तर भारताने तो सामना तिथेच सोडून दिल्यासारखा झाला असता. चौहान परत गेला. पुढे जिंकायला १४३ धावा हव्या असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ धावांत गडगडला. दुखऱ्या मांडीनिशी गोलंदाजी करणाऱ्या कपिल देवने २८ धावांत पाच बळी घेतले. महाराष्ट्रात पहाटे ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्या पिढीला विजयाइतकंच ते बाहेर चालत निघणंही आठवतं. ती बॅटची कड होती की नव्हती, यावर अजूनही पैजा लागतात.

दोन्ही प्रसंगी सलामीवीर मुंबईचाच आणि दोन्ही वेळा समोर वेगवान गोलंदाज. दोन्ही वेळा प्रश्न तोच होता: खात्री नसेल तेव्हा कोणाच्या बाजूने झुकायचं? क्रिकेटने या प्रश्नाची उत्तरं वेळोवेळी बदलली आहेत.

मुळात पायचीत हा प्रकारच विलक्षण. त्रिफळा उडतो तो सगळ्यांना दिसतो, झेलही हातात दिसतो. पायचीत देताना पंच जे घडलंच नाही त्याचा निवाडा करतो: पाय मध्ये आला नसता, तर चेंडू यष्टींवर गेला असता का? १७७४ च्या नियमांत तर त्याला फलंदाजाच्या मनातलंही ओळखावं लागे, कारण पाय मुद्दाम आडवा घातला असेल तरच बाद, असं तेव्हा ठरलं होतं. पुढे हेतूची अट गेली, चेंडूच्या टप्प्याची अट आली. फलंदाज ऑफस्टंपबाहेर पडलेले चेंडू निर्धास्तपणे पॅडवर घेऊ लागले, म्हणून १९३५ मध्ये प्रयोगादाखल आणि १९३७ पासून कायमचा बदल झाला: ऑफस्टंपबाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवरही पायचीत मिळू लागलं. पण शंका आली की फलंदाज नाबाद, ही परंपरा तशीच राहिली. फलंदाजाला एकच चूक भोवते, गोलंदाजाला पुढचा चेंडू मिळतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र. ते योग्यच होतं, पण त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या गोलंदाजांनी मोजली.

वेस्ट इंडिजच्या मायकेल होल्डिंगचं ते प्रसिद्ध छायाचित्र पाहावं. फेब्रुवारी १९८०, ड्युनेडिन. न्यूझीलंडच्या जॉन पार्करचा यष्टीमागचा झेल पंचांनी नाकारला आणि जगातला सर्वांत डौलदार वेगवान गोलंदाज नर्तकाच्या लयीत लाथ उचलून यष्ट्या उधळताना दिसतो. ते वर्तन समर्थनीय नव्हतंच. तरीही त्या पायात साठलेला राग एका निर्णयापुरता नव्हता. वेस्ट इंडिजने तो सामना एका गड्याने गमावला आणि पुढे मालिकाही. यजमान देशाचे पंच यजमानांच्या बाजूने झुकतात, हा संशय तेव्हा प्रत्येक दौऱ्यावर सामानासोबतच यायचा. १९८७ मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा समोरासमोर बोटं नाचवत भांडले आणि एका दिवसाचा खेळ वाया गेला. संशय पंचांच्या नजरेवर कमी आणि हेतूवर अधिक होता.

यावरचा तोडगा त्याच्या वर्षभर आधीच पाकिस्तानातून निघाला होता, याचं श्रेय इम्रान खानला द्यायला हवं. आपल्याच देशात खेळताना त्याने तटस्थ पंचांचा आग्रह धरला. १९८६ मध्ये लाहोरला वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर पंच म्हणून उभे राहिले. भारत-पाकिस्तान संबंधांचा इतिहास जाणणाऱ्याला यातलं मोठेपण सांगायला नको. २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तिसऱ्या देशांचे, हा शिरस्ता झाला.

हेतूचा प्रश्न मिटला आणि नजरेचा उघडा पडला. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला पहिला फलंदाज ठरला. धावचीत, ११ धावा. तेव्हा ते नवल होतं. पण घरातल्या टीव्हीवर संथगतीने चूक दिसते आणि मैदानातल्या पंचाला दिसत नाही, ही विसंगती फार काळ टिकणार नव्हतीच. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत ती फुटली. ३० धावांवर असलेल्या अँड्र्यू सायमंड्सची इशांत शर्माच्या चेंडूला लागलेली कड स्टीव्ह बकनर यांच्या कानांवर गेली नाही आणि तो नाबाद १६२ पर्यंत पोहोचला. बकनर जमैकाचे, म्हणजे पूर्णपणे तटस्थ. बेइमानीची शक्यता मनात आणायलाही जागा नव्हती. १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गोलंदाजाची पुढची टाच, टप्पा, कड, आवाज, उंची हे सगळं टिपायचं. माणसाकडून ही अपेक्षाच अमानुष होती.

त्याच वर्षी श्रीलंकेत भारताविरुद्ध रिव्ह्यूचा पहिला प्रयोग झाला. भारताचे बहुतेक रिव्ह्यू फसले आणि नंतर अनेक वर्षं भारतीय मंडळाने या पद्धतीला दार उघडलं नाही. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ते उघडलं. त्या विरोधाला हट्ट म्हणून हिणवलं गेलं, पण त्यात एक खरा मुद्दा होता. चेंडूचा मागोवा घेणारे कॅमेरे पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग मोजतात आणि पुढचा मार्ग गणिताने काढतात. टप्पा आणि पॅड यांत अंतर जेवढं कमी, तेवढा पुरावा तोकडा. पडद्यावरची ती चकचकीत रेघ शेवटच्या टप्प्यात अंदाजच असते. भारतीय मंडळाची चूक इतकीच, की पंचाचा डोळासुद्धा अंदाजच करतो, आणि तो बराच कच्चा असतो, हे त्यांनी हिशेबात धरलं नाही.

म्हणूनच सर्वाधिक शिव्या खाणारा ‘अंपायर्स कॉल’ हा या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. चेंडू यष्टीला लागतोय असं दिसतंय आणि तरी नाबाद? असं म्हणत कट्ट्यावर लोक हात आपटतात. पण निम्म्यापेक्षा कमी चेंडू यष्टींना लागत असेल, तर यंत्र सांगतं की इथे माझी खात्री पुरत नाही, मैदानावर उभ्या असलेल्याचं ऐका. २०१६ मध्ये यष्टींची बाहेरची कड धरून बाद देण्याचा पट्टा गोलंदाजाच्या सोयीने रुंद केला, २०२१ मध्ये उंचीलाही सूट मिळाली. शंकेचा फायदा, जो शतकभर फलंदाजाच्या खिशात होता, तो हळूहळू पंचाच्या मूळ निर्णयाकडे गेला. पंचाने बाद दिलं असेल, तर आता तीच शंका गोलंदाजाला फळते.

याचा परिणाम रिव्ह्यू न घेतलेल्या चेंडूंवरही झाला. लांब पाऊल टाकून चेंडू पॅडवर घेणारा फलंदाज पूर्वी सुरक्षित असे. इतक्या पुढून खात्री कशी द्यायची, असं पंच म्हणत. त्यातले बरेच चेंडू यष्टींवर जातात, हे पडद्याने वारंवार दाखवल्यावर पंचांचा डोळाच बदलला. सर्वाधिक लाभ फिरकीपटूंना झाला. जुन्या काळच्या मार्शल, हॅडलीसारख्या वेगवान गोलंदाजांना हे मिळालं असतं तर, ही चर्चा मग रंगतेच. ३७६ बळी, २०.९४ ची सरासरी असलेला माल्कम मार्शल रिव्ह्यूसह कुठे पोहोचला असता? ही गंमत म्हणून ठीक, गणित म्हणून नाही. कारण पॅडचा आश्रय गेल्यावर फलंदाजही बॅटने खेळायला शिकले. वसीम अक्रम आणि वकार युनूस यांनी मात्र त्या काळातही यष्टींवरच नेम धरला. दोघांचेही निम्म्याहून अधिक बळी त्रिफळाचीत किंवा पायचीत आहेत, आणि उडालेल्या यष्टीवर कोणी दाद मागत नाही. मेलबर्नला जयस्वाल ज्या सामन्यात बाद झाला, त्याच सामन्यात जसप्रीत बुमराहने विसाच्या आतल्या सरासरीने २०० बळी पूर्ण केले. त्याच्या यॉर्करलाही पुराव्याची गरज क्वचितच लागते.

यंत्र आल्यावर एक नवी गोष्ट मात्र घडली. संशयाला किंमत आली. रिव्ह्यू मोजके असल्याने ते कधी खर्चायचे, याचा हिशेब कर्णधाराला करावा लागतो. ऑगस्ट २०१९, लीड्स. इंग्लंडला ॲशेस कसोटी जिंकायला ३५९ हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. बेन स्टोक्सच्या पॅडवर नेथन लायनचा चेंडू आदळला आणि पंचांनी नाबाद म्हटलं. हे पंचही जोएल विल्सनच होते. ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू आदल्याच षटकात जॅक लीचविरुद्धच्या फसव्या अपिलावर उडवला होता. पडद्यावर नंतर तिन्ही लाल दिवे लागले. लायन खेळपट्टीजवळ पाठीवर पडून आकाशाकडे बघत राहिला. पुढच्याच षटकात लीचने एक धाव काढली आणि स्टोक्सने चौकार मारून सामना जिंकून दिला. त्या तीन लाल दिव्यांवर ऑस्ट्रेलियात आजही हळहळ व्यक्त होते. स्टोक्सचं म्हणणं मात्र वेगळं आहे. त्याच्या मते चेंडू लेगस्टंपच्या बाहेर जात होता आणि यंत्र चुकलं.