विसाव्याचे वर्ष, परतीचे वर्ष

ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांना पूज्य असलेल्या लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात दोन आज्ञा एकीखाली एक आल्या आहेत. पहिली अशी की, दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावा. आणि दुसरी अशी की, योबेलाच्या म्हणजे पन्नासाव्या वर्षी, दारिद्र्यापायी ज्याच्या हातून वाडवडिलांची जमीन गेली असेल, त्याला ती परत मिळावी. कृषिशास्त्र आणि दिवाणी कायदा ही दोन निराळी दफ्तरे मानण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, मातीचा थकवा आणि माणसाची बेदखली यांचा विचार त्या शास्त्रकारांनी एकाच ठिकाणी का केला असावा, हा प्रश्नच आपल्याला सहसा पडत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजापुढे मात्र तो दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. आणि निसर्गाला जपणारी शेती व वर्णभेदाचे परिमार्जन या दोन मागण्या तेथील अनेक चर्चमधून आज एकत्र केल्या जातात, त्याचे कारणही येथेच सापडते.

१२ जानेवारी १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत आले असता, जॉर्जियातील सव्हाना शहरी जनरल शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना आणि चर्चच्या पुढाऱ्यांना बोलावून, मुक्त झालेल्या गुलामांना काय हवे, असे विचारले. त्यांच्या वतीने बोलले ते गॅरिसन फ्रेझिअर हे ६७ वर्षांचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. स्वतःचे व पत्नीचे स्वातंत्र्य त्यांनी १८५७ साली एक हजार डॉलर मोजून विकत घेतले होते. या वृद्धाने शिधा किंवा आश्रय मागितला असता तरी कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी जमीन मागितली, स्वकष्टाने कसण्यासाठी. चारच दिवसांनी शर्मनने हुकूम काढून किनारपट्टीची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना देऊ केली, आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांना परत देण्याची आज्ञा केली.

तरीही पै-पैसा साठवून या समाजाने जमिनी घेतल्या, आणि १९२० साली त्या देशात सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज एकूण शेतकऱ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा दोनही भरत नाही. दहशत हे त्याचे एक कारण. परंतु कागदाने केलेले काम दहशतीहून कमी नव्हते. मृत्युपत्र न करता वारलेल्या पूर्वजांची जमीन पिढ्यान्पिढ्या सामाईक राही, आणि एखाद्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन कोणीही त्रयस्थ वाटणीच्या दाव्याने सबंध शेत लिलावात काढू शके. शिवाय सरकारी कर्जाला पात्र कोण, हे ठरविणाऱ्या स्थानिक समित्या दक्षिणेत बहुतांशी गोऱ्यांच्याच असत; अर्ज नाकारण्याची त्यांना गरजच नव्हती, पेरणी उलटेपर्यंत तो पडून राहू दिला की पुरे होई.

या इतिहासातील एका प्रकरणाशी महाराष्ट्राचा खरा संबंध आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीत भूदान आरंभिले आणि पुढे त्याचे ग्रामदान झाले, तेव्हा गावाची जमीन गावाने सामाईक राखावी व कसणाऱ्याला तिची हमी असावी, हा त्यातील विचार रॉबर्ट स्वान या अमेरिकन शांतिवाद्याला मोलाचा वाटला. नागरी हक्कांच्या लढ्यातील धर्मोपदेशक चार्ल्स शेरॉड, त्यांच्या पत्नी शर्ली आणि त्यांचे सहकारी यांच्यासह स्वान यांनी १९६९ साली जॉर्जियात ‘न्यू कम्युनिटीज’ स्थापन केली, आणि सुमारे ५,७०० एकर जमीन विश्वस्त निधीच्या मालकीची केली. पुढच्या दशकात अवर्षण आले. तगाईसाठी केलेला अर्ज मंजूर होईपर्यंत तीन वर्षे लोटली, आणि कर्ज वाढत जाऊन १९८५ साली सारी जमीन गेली. सरकारने भेदभाव केला होता, हा निर्णय लागून सुमारे १ कोटी २० लाख डॉलरांची भरपाई ठरली ती २००९ साली. तिच्यातून त्यांनी जॉर्जियातीलच ऑल्बनीजवळ, एके काळी गुलामांच्या श्रमावर चाललेला सुमारे १,६०० एकरांचा मळा विकत घेतला, आणि तेथे आज पेकानच्या बागा आहेत.

पेकानचे झाड लावल्यावर फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. मातीतील सेंद्रिय कर्ब वाढविणे, हिरवळीची पिके घेणे, पिकांचा फेरपालट करणे, बांधावर झाडे राखणे, ही सारी कामे आज खर्च मागतात आणि फळ कित्येक वर्षांनी देतात. म्हणून पुढच्या हंगामात आपली वहिवाट टिकेल की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याला मातीच्या चिरंतनत्वाचे प्रवचन देणे हे निष्ठुरपणाचे आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवणे त्यालाच साधते, ज्याला आठव्या वर्षीही तीच जमीन कसावयाची आहे. विसावा आणि परतावा यांचे नाते हे असे अगदी व्यावहारिक आहे.

राज्यसंस्थेला मात्र ही दोन कामे एकत्र बांधणे जड जाते. २०२१ साली अमेरिकन काँग्रेसने वर्णभेदाची झळ सोसलेल्या शेतकरी वर्गांच्या कर्जमाफीसाठी सुमारे चार अब्ज डॉलर मंजूर केले. समतेच्याच तत्त्वाचा आधार घेऊन गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, न्यायालयांनी स्थगिती दिली, आणि २०२२ च्या ज्या कायद्याने हवामानास अनुकूल शेतीसाठी सुमारे साडेएकोणीस अब्ज डॉलर दिले, त्याच कायद्याने ती कर्जमाफी रद्द केली. भेदभावाचे बळी ठरलेल्यांसाठी त्यात वेगळी तरतूद झाली आणि २०२४ साली तिचे वाटपही झाले, हे नमूद करणे न्याय्य होईल. गोऱ्या शेतकऱ्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता, कारण आजचा कर्जबाजारी गोरा कुणबी कालच्या कचेरीचा अपराधी नसतो. परंतु विषम नियमाने घेतलेले जेथल्या तेथे ठेवून आजपासून समान नियम लावणे, म्हणजे घेणाऱ्याला त्याची कमाई पक्की करून देणे होय. कायद्याला मुदतीची मर्यादा पाळावी लागते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दाव्यात सरकारशी झालेल्या १९९९ च्या तडजोडीतही १९८१ ते १९९६ एवढ्याच काळातील तक्रारींना जागा होती. त्या मुदतीपलीकडचा हिशेब जिवंत ठेवणे, हे धर्माने करावयाचे काम आहे.

ते काम केवळ व्यासपीठावरून होत नाही. बाल्टिमोर येथील धर्मोपदेशक हेबर ब्राउन यांनी २०१५ साली उभारलेल्या जाळ्यात कृष्णवर्णीय चर्च आपल्या आवारात भाजीपाला पिकवितात आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा माल आपल्या सभासदांपर्यंत पोहोचवितात. ज्यांनी अन्याय सोसला त्यांच्यावर हा भार उचलण्याची जबाबदारी मुळीच नव्हती. त्यांनी तो उचलला आहे, तेव्हा ज्यांच्या नावावर इनामी आणि देणगीच्या जमिनी आहेत अशा सर्व धर्मसंस्थांना, त्या तेथील असोत वा येथील, पर्यावरणावर बोलण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे देणे भाग आहे: ही जमीन कोण कसतो, त्याला किती वर्षांची हमी आहे, आणि ती आपल्याकडे आली तेव्हा कोणाच्या हातून गेली.